जुळ्या भावाचा व्हिसा

मला उघडता येणार नाही असं कुलूप अजून जन्माला यायचंय. (माझ्या स्वतःच्या घराचं सोडून. एकदा किल्ली आत राहिली आणि मी खिडकीतून शिरायला गेलो, तो अर्धा आत अर्धा बाहेर असा अडकलो. शेवटी शेजारणीनं पाय धरून बाहेर ओढलं. मोठ्या माणसांच्या लोक पाया पडतात, माझे पाय ओढतात.)

तर मी किल्लीवाला. शाळेनं आणि मी सातवीत एकमेकांच्या संमतीनं घटस्फोट घेतला आणि तेव्हापासून बाजाराच्या कोपऱ्यावर माझं कुलपांचं दुकान होतं. आता दुकान बंद, मी चालू. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मी मुलीकडे राहतो. मुलगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. म्हणजे जी शाळा मी सोडून पळालो, तीच शाळा माझ्या घरात राहायला आली. खोटं बोलाल तर पोट दुखेल, म्हणतात. माझ्याकडे बघा, पचन उत्तम आहे.

आता बाईंचं सांगतो. बाई परदेशातल्या. तिकडे घड्याळं दुरुस्त करतात. दोन वर्षांपूर्वी एका प्रवासी कंपनीच्या कळपाबरोबर इकडे आल्या आणि त्यांच्या बॅगेचं कुलूप अडकलं. कोणीतरी माझ्या दुकानात आणून सोडलं त्यांना. कुलूप अगदीच खेळण्यातलं, फुंकर मारली असती तरी उघडलं असतं. मी डोळ्याला भिंग लावलं, मान हलवली, च् च् केलं आणि म्हणालो, "अवघड आहे. उद्या या."

उद्याचं परवा झालं. परवाचं तेरवा झालं. बिचारीनं तोवर एकाच झग्यात दिवस काढले, पण रोज आली. समोरच्या स्टुलावर बसायची, आणि मी कुलपाशी झटापट केल्यासारखं करत तिला माझं चरित्र सांगायचो. आता माझं खरं चरित्र एका चहात संपतं, कप पण अर्धा उरतो. म्हणून थोडी भर घातली. तरुणपणी मी सर्कशीत सिंहाला अंगाई गाऊन झोपवायचो. डाव्या पायाची करंगळी मगरीनं नेली. असलं किरकोळच. बाई ऐकायच्या, डोळे मोठे करायच्या. गिऱ्हाईक असं असावं.

त्या परत गेल्या आणि फोन सुरू झाले. तोंड दिसतं ते फोन. रोज सकाळी. त्यांचं इंग्रजी अर्धं, माझं पाव, दोघांचं मिळून पाऊण. एवढ्यावर जगात संसार चालतात. पूर्ण भाषा येणाऱ्यांचे मोडतात.

एका सकाळी काय झालं, फोन जरा लवकर वाजला. मी झोपेत उचलला. कवळी अजून ग्लासात. पडद्यावर बाईंना काय दिसलं असेल? गाल आत, नाक पुढे, मध्ये नुसती गुहा. त्या दचकल्या. "आपण कोण?"

माणसाची अब्रू दातांत असते. मी हिरड्यांनीच म्हणालो, "भाऊ. जुळा."

झालं. तेव्हापासून ज्या दिवशी हिरडी दुखेल त्या दिवशी फोन भाऊ घ्यायचा. भावाला दात नसल्यामुळे त्याला धड बोलता येत नसे. तो नुसता ऐकायचा आणि "हं" म्हणायचा. आणि गंमत बघा, त्या दिवशी फोन तासभर चालायचा! नवरा कसा गेला, पोरगं वर्षातून एकदा कसं येतं, सगळं बाई भावाला सांगायच्या. डोळ्यांनी आता बारीक काटे दिसत नाहीत, दुकान आवरतं घ्यावं लागणार, डॉक्टर म्हणतात हळूहळू अजून अंधुक होईल, हेही त्यांनी भावालाच सांगितलं. मला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. (मी त्यांना तोंड उघडू दिलं असतं तर सांगितलं असतं.) मला सगळं भावाकडून कळलं.

आणि एके दिवशी त्या भावाला म्हणाल्या, "दिसतंय तोवर पुन्हा एकदा तिकडे यावंसं वाटतं."

भाऊ म्हणाला, "हं."

दुसऱ्या दिवशी दात लावून मी म्हणालो, "या की मग! आमच्या घरीच उतरा. व्हिसा म्हणजे काय, कुलूपच. मी आहे ना."

मुलीला सांगितलं. तिनं चष्मा कपाळावर चढवला. हे शिक्षा करण्याआधीचं लक्षण.

"बाबा, या वयात?"

"मग कुठल्या वयात? पुढच्या?"

ती हसली नाही, पण अर्ज घेऊन बसली. "हे बघा, त्या पर्यटक म्हणून येणार, पण आपल्या घरी राहणार. म्हणजे यजमानाचीही चौकशी होणार. त्यांना तिथे बोलावतील, तुम्हाला इथे. दोघांची उत्तरं जुळवून बघतात. नाकारलं तर वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. तेव्हा सगळं खरं सांगायचं."

"पोरी, मी कधी खोटं बोललोय?"

"आज अजून नाही. आत्ताशी आठ वाजलेत."

वर्षभर हा शब्द मात्र मला खटकला. वर्षानं बाईंना कितपत दिसेल कोण जाणे. आणि माझं म्हणाल तर या वयात मी केळीसुद्धा पिकलेलीच घेतो, कच्ची पिकेपर्यंत थांबायचा भरवसा नाही. पण मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. छाती पुढे काढून म्हणालो, "तू फक्त सही कुठे करायची ते सांग."

ओळखीचा पुरावा म्हणून दोघांचे एकत्र फोटो हवे होते. ते मी झटक्यात काढून दिले. मुलगी एकेक बघत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. एकात मी डोळे तिरळे केलेत. एकात बाईंच्या डोक्यामागे दोन बोटं धरलीत. एकात मी बाईंची हॅट घातलीय आणि बाईंनी माझा चष्मा.

"एकही शहाण्या माणसाचा फोटो नाही?"

"आहे की. हा."

"यात तुम्ही झोपलाय, बाबा."

तोच लावला.

चौकशीच्या दिवशी मी कोट चढवला, बूट चमकवले, कवळी घासूनपुसून बसवली. मुलगी बरोबर आलीच. मी परत धड येईन यावर तिचा विश्वास नसतो. कचेरीत रांगेनं खुर्च्या, भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी, आणि काचेच्या खोलीत एक तरुण साहेब. चेहऱ्याला घडी पडू नये म्हणून इस्त्री केल्यासारखा. समोर पडदा, त्यावर बाईंची उत्तरं. बाईंची चौकशी तिकडे नुकतीच उरकली होती.

"व्यवसाय?" साहेबांनी विचारलं.

"कुलपं."

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यजमानांनी स्वतःबद्दल काय सांगितलंय, असं आम्ही बाईंना विचारलं होतं. त्या म्हणतात, आपण सर्कशीत सिंहाला झोपवायचात."

शेजारी मुलीनं डोळे मिटले.

"तो विनोद होता, साहेब."

"करंगळी मगरीनं नेली म्हणतात."

"जागेवर आहे."

"म्हणजे बाई खोटं बोलल्या?"

"छे छे! बाई अक्षर न् अक्षर खरं बोलल्या. खोटं मी बोललो."

"आपण खोटं बोलता तर."

"तेव्हा बोललो. आत्ता खरं बोलतोय."

"ते मी कसं ओळखायचं?"

प्रश्न रास्त होता. मी सरळ बूट काढला. मोजा काढायची गरजच पडली नाही, भोकातून करंगळी स्वतःहून हजर झाली. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मुलगी पुटपुटली, "मी सकाळी दुसरे मोजे काढून ठेवले होते." सिंह-मगरीपेक्षा तिला मोज्याची लाज जास्त. बायका बायकाच.

"घरात आणखी कोण असतं?"

"मुलगी आणि जावई."

"आणि भाऊ?"

माझ्या पोटात गोळा आला. (पहिल्यांदाच. म्हणजे ते पोट दुखण्याचं खरंच असतं.)

"मला भाऊ नाही. मी एकुलता एक."

"जुळा भाऊ," साहेब पडद्यावरून वाचायला लागले. "शांत स्वभावाचा. आम्ही बाईंना विचारलं, आपण कोणाला भेटायला जाताय? त्यांचं उत्तर, मुख्यतः भावाला."

मुलगी हळूहळू माझ्याकडे वळली. "बाबा, मला काका आहे?"

"नाही गं!"

"मग ते कुठे असतात?" साहेब.

"कुठेच नसतात."

"वारले?"

"जन्मलेच नाहीत."

खोलीत एवढी शांतता झाली की भिंतीवरच्या पाटीचं सार्थक झालं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. आवाज मात्र सभ्य होता, ते जास्त वाईट. "आजोबा, मला तुमचं वाईट वाटतं. पण ज्याला भेटायला जायचं तो माणूसच नसेल, तर प्रवासाचं कारण काय लिहू मी? नाकारावं लागेल."

आणि शिक्क्याकडे हात गेला.

आपलेच दात आपलेच ओठ, म्हणतात. माझे दात तर विकतचे, तक्रार कोणाकडे करणार? पण दुकानात इतकी वर्षं एक गोष्ट शिकलो होतो. जबरदस्ती केली की कुलूप तुटतं. ज्या दिशेनं अडकलं, त्याच दिशेनं जरा परत फिरवावं लागतं.

"साहेब," मी म्हणालो, "बाईंना पडद्यावर बोलवा. भावाला आत्ता हजर करतो."

"बाबा!" मुलगी कुजबुजली. "पुरे आता."

पण साहेबांनाही उत्सुकता होती. बाई अजून तिकडच्या कचेरीतच बसल्या होत्या. पडदा लुकलुकला आणि त्या दिसल्या. केस नीट विंचरलेले, हातात पर्स घट्ट धरलेली, पडद्यात माणसं शोधत डोळे बारीक केलेले. घाबरल्या होत्या. मी बाईंना घाबरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. भावानं पाहिलं असेल.

मी तोंडात हात घातला, कवळी काढली आणि साहेबांच्या फाइलीवर ठेवली. मग पडद्याकडे बघून म्हणालो, "हं."

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "तू आहेस होय! कधीची शोधतेय तुला इथे. हिरडी कशी आहे? शेक घेतलास का?" (इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण आवाजावरून कळतं. मला आजवर कधी तू केलं नव्हतं.)

साहेब कवळीकडे बघत होते, कवळी साहेबांकडे. शेवटी त्यांनी घसा खाकरला. "बाई, हे दोघं एकच आहेत, हे आपल्याला माहीत आहे?"

बाई जरा पुढे झुकल्या. "साहेब, मी आयुष्यभर घड्याळं उघडतेय. वरची तबकडी बदलली म्हणून आतलं यंत्र ओळखू येणार नाही का? पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण त्यांना नका सांगू. मला फसवलंय असं वाटून ते फार खूश असतात."

मी तिथेच समोर बसलो होतो. पण उत्तर द्यायला दात लागतात, आणि ते सरकारी फाइलीवर होते.

"मग चौकशीत भाऊ म्हणून का सांगितलंत?"

"कोणाला भेटायला जाताय, असं विचारलंत. खरं सांगायला सांगितलं होतं, म्हणून खरं सांगितलं."

साहेबांच्या इस्त्रीला पहिली घडी पडली. मग दुसरी. मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकानं कवळी हळूच बाजूला सरकवली आणि मंजुरीचा शिक्का मारला. बाहेर आल्यावर मुलगी जिन्यात कठड्याला धरून इतकी हसली की पहाऱ्यावरचा माणूस पाणी घेऊन आला. जाताना मला म्हणाली, "काकांना म्हणावं, मोजे घ्यायला जाऊ आता."

बाई यायच्या दिवशी मी विमानतळावर वेळेच्या खूप आधी हजर होतो. नवे मोजे, चमकते बूट, हातात फुलं, आणि तोंडात सगळे दात. नुसतं तोंड सजवलेलं नव्हतं, आत नवी कोरी थापसुद्धा तयार होती. हे विमानतळ माझ्या आजोबांच्या परसात बांधलंय, वगैरे. मुलगी मागे उभी.

बाई आल्या. तीच बॅग, तेच खेळण्यातलं कुलूप. माझ्यासमोर थांबल्या, अगदी जवळ येऊन माझा चेहरा नीट पाहिला. मी सुरू झालो. "बाई, तुम्हाला माहीत आहे का, हे जे विमानतळ आहे ना..."

त्यांनी फुलं घेतली, बॅग माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडासमोर एक बोट धरलं.

"तुम्ही आज फार छान दिसताय. पण मी तुमच्या भावाकडे आलेय. घरी गेल्यावर आधी ते दात ग्लासात ठेवा, आणि त्याला बाहेर पाठवा."