खुंटीजवळचा म्हसोबा

रिटायर हवालदार हिंदुरावांच्या उसात, बरोबर मधोमध, चुना फासलेली एक खुंटी रोवली गेली आणि त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. मोठ्या दाबाची विजेची लाईन इस्लामपुराच्या अंगानं पुढे सांगलीकडे जायची होती, आणि तिचा एक टॉवर नेमका या खुंटीवर उभा राहणार होता. वीज जाणार डोक्यावरून. हिंदुरावांच्या घरात कंदीलच राहणार होता. पलटणीत वीस वर्षं काढून घेतलेली जमीन सगळी मिळून दीड एकर. तिच्या पोटातच लोखंड उभं राहिलं तर पाट फिरवायचा कुठून?

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. हिंदुराव कागद घेऊन बसले, तेवढ्यात शेजारचा आकाराम आला.

"आवं हवालदार, पाटाचं रडगाणं कशाला लिवताय? पल्याडच्या गावात हीच लाईन देवळापाशी वाकडी केली. ही मानसं मानसाचं ऐकत न्हाईत, पर देवाला लय भित्यात."

"माझ्या उसात कुठला आलाय देव?"

"मग आणायचा की!"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हिंदुरावांनी कृष्णेतला एक गोल धोंडा आणला, त्याला शेंदूर फासला आणि खुंटीला लागून बसवला. अर्जात लिहिलं, 'सदर जागी आमचे घराण्याचा जागृत म्हसोबा असून त्याचा शब्द आम्ही आजवर कधी मोडलेला नाही.' हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की आकारामला त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा उसात गेले आणि जागच्या जागी थबकले. धोंड्याला चांदीचे दोन डोळे होते.

हिंदुरावांनी डोळे लावले नव्हते. धोंडा बसवल्यावर आदल्या संध्याकाळीच रान भिजवलं होतं. चिखलात पावलं उमटली होती ती फक्त त्यांची, आत्ताची. वारा म्हणाल तर औषधालाही नव्हता. सगळा ऊस मुकाट उभा होता; धोंड्याभोवतीची चार टिपरी तेवढी सळसळत होती. बासष्ट साली चिनी तोफांपुढे उभा राहिलेला हा माणूस एक चप्पल चिखलात सोडून घरी आला.

"तू लावलंस रं डोळं?" त्यांनी आकारामला खडसावलं.

"मी? आवं, माझ्या बायकूच्या पायात जोडवी न्हाईत, देवाला कुठली चांदी?"

त्या दिवसापासून हिंदुराव म्हसोबाला पाठ दाखवेनात. उसातून बाहेर पडायचं ते उलट्या पावलांनी. त्यात स्वतःचाच ऊस त्यांनी बराच तुडवला. बायकोला, रंगूबाईंना, तण काढायला, भांगलणीला, आलेल्या बायकांकडून देवाची बातमी कळली तेव्हा त्या रागावल्या. "आपल्या रानात देव आला आन् मला ठावं न्हाई व्हय?" म्हणून त्यांनी त्याच दिवशी नैवेद्य केला.

मग पाहणीला इंजिनिअर परबसाहेब आले. रत्नागिरीकडचा माणूस. म्हसोबा दिसताच त्यांनी बूट काढले. हिंदुरावांचा जीव भांड्यात पडला.

"देवाची जागा आहे म्हटल्यावर देवालाच विचारू," परबसाहेब म्हणाले. "कौल लावा. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यानं देवाला चिकटवा. उजवी पाकळी आधी पडली तर टॉवरला होकार. डावी पडली तर मी लाईन वाकडी करतो. आमच्याकडे कौलाशिवाय विहीरसुद्धा खणत नाहीत."

हिंदुराव फुलं आणायला घरी गेले आणि येताना काकवीच्या बरणीत बोट बुडवून आले. उजवी पाकळी त्यांनी काकवीवर चिकटवली. डावी नुसत्या पाण्यावर, तीही कडेनं. रंगूबाई ताट धरून उभ्या होत्या.

उजवी पाकळी टपकन पडली.

"वारं सुटलं," हिंदुराव म्हणाले. वारा नव्हता.

दुसऱ्या खेपेला त्यांनी उजवी पाकळी इतका वेळ दाबून धरली की बोटच धोंड्याला चिकटलं. ते सोडवताच पाकळी शेंदराचा पोपडा घेऊन खाली आली. डावी जिथल्या तिथे. कौल बघायला आलेला आकाराम सरीतून हळूहळू मागे सरकू लागला आणि दिसेनासा झाला.

"देवाची हरकत नाही," परबसाहेबांनी लिहून घेतलं. "आणि त्याचा शब्द तुम्ही मोडत नाही, हे तुमच्याच अर्जात आहे. आता देवाला हलवायचं कुठं?"

"मी इचारते," रंगूबाई पुढे झाल्या. त्यांनी दोन्ही पाकळ्या साध्या पाण्यावर लावल्या. "देवा, बांधावर जानार असलास तर उजवी दे, आमच्या घरला येनार असलास तर डावी."

रंगूबाईंचा हात अजून पुरता मागे आला नव्हता, तोच डावी पाकळी पडली.

"घरला येतोय म्हणतोय!" रंगूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पर आमचा देव्हारा भरलाय, साहेब. जागा हाय ती ह्यांच्या बाजंच्या उशाला. तिथंच बसवू."

हिंदुरावांनी परबसाहेबांचे दोन्ही हात धरले.

"साहेब, एक न्हाई, दोन टॉवर उभं करा. सगळा ऊस काढून देतो. पर देवाला हितंच ऱ्हाऊ द्या!"