शिरूरचे इंग्लंडवाले आप्पा

इंग्लंडचा गडी बाद झाला की आमच्या शेजारचे बबनआप्पा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवत, घटकाभर मान खाली घालून बसत आणि मग टोपी पुन्हा चढवत. नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियासमोर इंग्लंडचे गडी ज्या वेगाने बाद होत, तो पाहता आप्पांनी टोपी घरीच ठेवून यायला हवी होती. पण निष्ठा म्हणजे निष्ठा.

भारत हरला म्हणून रात्री न जेवणारे लोक आमच्या शिरूरमध्ये गल्लोगल्ली होते. इंग्लंडसाठी हळहळणारा माणूस मात्र अख्ख्या तालुक्यात हा एकच. आप्पांच्या वडिलांनी बेचाळीस साली साहेबाच्या पोलिसांचा मार खाल्ला होता, आणि त्यांचा हा कुलदीपक माझ्या घरात पाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "सायेब दमलाय रं दत्ता. किती पळवत्यात त्याला उन्हाचं." वडिलांचा फोटो त्यांच्या घरी होता ते बरं. माझ्या घरी असता तर खिळ्यावरून उतरून चालू लागला असता.

आप्पांचा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचा. तांब्याच्या तारेचे वेढे त्यांना झोपेतही मोजता येत. क्रिकेटमधलं मात्र त्यांना काहीच कळत नव्हतं. कसोटीत दुपारी जेवणाची सुट्टी असते, एवढाच एक नियम त्यांना मनापासून पटला होता. दोन्हीकडचे गोरे, दोन्हीकडचे कपडे पांढरे. त्यामुळे तिसऱ्या दिवशीसुद्धा ते मला हळूच विचारत, "ह्यातला आपला कंचा?" मी बोट दाखवलं की समाधानानं मान डोलवत आणि त्याच माणसाचा त्रिफळा उडे.

सामना ऑस्ट्रेलियात असला की आमच्या हालांना पारावार नसे. मी रांजणगावच्या कंपनीत, सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्रीनंतर घरी टेकायचो. आणि पहाटे पाचला दार वाजे. केबल गल्लीत फक्त माझ्याकडे, हा माझा गुन्हा. डोळे चोळत दार उघडावं, तर समोर आंघोळ करून, गंध लावून आप्पा उभे. "लाव रं बाबा. सायेब आलाय खेळायला." माझी बायको चहा ठेवता ठेवता पुटपुटायची, "राणीनं ह्यांना पेन्शन चालू करायला पाहिजे."

सामना अनिर्णित राहिला की आप्पा खवळत. पराभव ते निमूट गिळत, पण निकालच नाही म्हटलं की त्यांचा तोल जाई. "पाच दिस राबायचं आन् निकाल न्हाई? त्यापरीस कोर्टात जावं की मानसानं!" पावसानं खेळ थांबला तर विचारूच नका. आमच्याकडे टँकर चालू असताना हा माणूस सातासमुद्रापलीकडच्या ढगांना शिव्या घालायचा. कट्टर चाहत्याला अशा वेळी हायसं वाटतं, पराभव टळला म्हणून. आप्पांचं सगळंच उफराटं.

आणखी एक उफराटी गोष्ट म्हणजे मटण. चौथ्या दिवशी संध्याकाळी सायेबाची लक्षणं ठीक दिसेनाशी झाली की आप्पा उठून थेट खाटकाकडे निरोप द्यायला जात. इंग्लंडचा पराभव नक्की झाला हे गल्लीला टीव्हीवरून कळायच्या आधी खाटकाकडून कळायचं.

हे मटण जावयासाठी. जावई दौंडचा, रेल्वेत नोकरीला. तो ऑस्ट्रेलियाचा भक्त. इंग्लंड हरलं की पहिल्या सुट्टीला हा गडी मोटारसायकलवर मंगलला, म्हणजे आप्पांच्या एकुलत्या एका मुलीला, मागे बसवून शिरूरला हजर. गल्लीच्या तोंडापासूनच त्याचं सुरू होई. "काय आप्पा, कुठं हाय तुमचा सायेब? का गेला बोटीत बसून?"

आप्पा हात जोडत. "काय सांगू पाव्हणं. लाज आनली बगा."

मग जावई मांडी ठोकून बसे आणि एकेक गडी कसा बाद झाला ते तांब्या, वाट्या मांडून समजावून देई. आप्पा मध्ये मध्ये सुस्कारा सोडत आणि त्याच्या ताटात रस्सा वाढत. एवढा अपमान मी मटणासाठीसुद्धा सोसला नसता. आतून मंगलची भांडी लावायची खडखड ऐकू येई. तिची आई लग्नाआधीच गेलेली. ती आली की डबे घासले जात, गोधड्या उन्हात पडत आणि एरवी सात वाजता सामसूम होणारं ते घर उशिरापर्यंत जागं दिसे. मी आपलं मनात म्हणायचो, काय हा माणूस! दर दोन वर्षांनी नवी मालिका, पुन्हा तोच सायेब, तेच हसं, आणि ह्याची हौस काही फिटत नाही.

आणि मग दोन हजार पाच साल उजाडलं. पहिली कसोटी सायेब शिरस्त्याप्रमाणे हरला. जावई आला, मटण झालं. पण त्यानंतर सायेबाच्या अंगात काय संचारलं कळेना. तो जिंकायलाच लागला. आप्पांची टोपी डोक्यावर टिकू लागली आणि चेहरा मात्र उतरू लागला. शेवटची कसोटी अनिर्णित राहिली आणि मालिका इंग्लंडनं जिंकली. एवढ्या वर्षांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीतले चार-पाच जण हार घेऊन आप्पांच्या घरी गेलो. चेष्टाच करायची होती. आप्पा पायरीवर बसले होते. हार गळ्यात पडला तरी त्यांनी मान वर केली नाही. बाकीचे हसून पांगले. मी शेजारी बसलो.

"आप्पा, सायेब जिंकला की!"

"व्हय. आता पाव्हणं कशाला येतील?"

मला काही उमगेना. मग ते थांबत थांबत बोलले. गोष्ट मी ह्या गल्लीत राहायला येण्याआधीची. मंगलच्या लग्नात वरातीचा घोडा ऐनवेळी लंगडला, म्हणून ह्यांनी नवरदेवाला ट्रॅक्टरवर बसवलं. दौंडच्या मित्रांनी त्याची यथेच्छ टर उडवली. तो जो रुसला, तो सासऱ्याच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणूनच गेला.

"आमी न्हाई तर तीबी न्हाई, म्हनाले. वरीसभर पोरगी दिसली न्हाई, दत्ता. मग येकदा नगरला जाताना हितं दारात थांबले. आत येईनात, पानीबी घेईनात. समोर पानटपरीवर कुनी म्हनलं इंग्लंड हरलं. बोलायचं म्हनून मी म्हनलो, आरारा, माझा सायेब हरला! आन् पाव्हणं हासले रं. लग्नापास्नं पयल्यांदा. हासत हासत आत आले, आन् जेवूनच गेले."

एवढंच. त्या दिवसापासून आप्पा इंग्लंडचे झाले. भारताची बाजू जावयाचीही होती, तिथे चिडवायला जागा नव्हती. सायेब हमखास हरायचा, म्हणून त्यांनी सायेबाला धरलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मग आता तुम्ही जा दौंडला," मी म्हणालो.

"बोलावल्याबिगर? पोरीच्या सासरी?"

"ते कधी बोलावल्यावर आले? जिंकलेला माणूस हरलेल्याकडं जातो, हा त्यांनीच घातलेला रिवाज आहे."

 आप्पांनी गळ्यातला हार काढून दाराच्या कडीला अडकवला आणि ते सदरा बदलायला आत गेले.

पेढे घेऊन आम्ही दौंडची एसटी धरली. वाटभर आप्पा चिडवायची तालीम करत होते. "काय पाव्हणं, कुठं गेलं तुमचं कांगारू?" असं म्हणायचं ठरलं. कांगारू म्हणजे नेमकं कसलं जनावर, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं. पण जावयानं दार उघडलं आणि आप्पा सगळं विसरले.

"पाव्हणं," मयताची बातमी आणल्यासारखं ते म्हणाले, "आमी जिंकलो."

जावई दाराला हात लावून तसाच उभा राहिला. त्याच्यामागे मंगल ओल्या हातांनी येऊन थांबली. ती कुणाकडेच बघत नव्हती. मला वाटलं, ह्या म्हाताऱ्याला मी उगाच भरीला घातलं.

"येक मालिका जिंकली तर येवढ्या लांब चिडवायला आलात?" जावई म्हणाला.

"तुमी येताच की."

जावई बाजूला झाला. "या, बसा. मंगल, पाणी आण आप्पांना."

चहा झाला. पेढा खाता खाता जावयाला हळूहळू कंठ फुटला. पंच कसे चुकले, नशीब कसं आडवं आलं, सगळं सांगून झालं. आप्पा चिडवायचं सोडून त्याचंच सांत्वन करू लागले. शेवटी जावई तावातावानं म्हणाला, "पुढच्या बारीला मॅची तिकडं ऑस्ट्रेलियात हायेत. थांबा तुम्ही. पाचीच्या पाची हरवतो तुमच्या सायेबाला."

"हरवा की," आप्पा म्हणाले. "पर पाची बारीला या, पाव्हणं."