वाकळांचा स्टुडिओ

मल्लेशने घरातल्या नऊच्या नऊ वाकळा मधल्या खोलीच्या भिंतींवर टांगल्या, तेव्हा त्याच्या आईने, मल्लव्वाने, एवढंच विचारलं, "आणि आमी काय भिंतीवर निजायचं व्हय?"

"दोनच दीस, अव्वा. आवाज घुमाय नको म्हणून हाय ते."

घरी रेकॉर्डिंग शिकणाऱ्या नवशिक्यांसाठीचे दहा नियम त्याने नेट कॅफेत बसून वहीत उतरवून आणले होते. पहिला नियम, भिंतींना जाड कापड लावा. दुसरा, गाण्याखेरीज कसलाही आवाज येऊ देऊ नका. कागलच्या एमआयडीसीत दिवसभर यंत्रांच्या खडखडाटात उभं राहणाऱ्या माणसाला हा दुसरा नियम फारच पटला होता.

घाई होती ती त्याच्या वडिलांच्या, भरमाप्पांच्या, गळ्याची. तीस वर्षं ते मठात भजनाला पुढे बसत. मंगळवारी मिरजेला गळ्याचं ऑपरेशन होतं, आणि नंतर आवाज कसा राहील ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. अप्पा ते ऐकून संध्याकाळी नेहमीसारखे मठात गेले. मल्लेशने मात्र मित्राचा जुना कॉम्प्युटर आणि माईक उचलून आणला. आवाज जाण्याआधी तो धरून ठेवायचा, दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

रविवारी सकाळची पाळी संपवून तो घरी आला, तर भिंतींवर नुसते खिळे.

"अप्पा, वाकळा कुठं हायत?"

"नदीला. परवा घट बसणार. तुझी आई दसरा काढालीया."

घट बसण्याआधी पांघरुणं धुतली नाहीत, तर गल्ली त्या घरातल्या बाईला वर्षभर नावं ठेवते. हा नियम वहीत नव्हता. शेजारी मागायची सोय नव्हती, कारण त्या दिवशी अख्ख्या कागलात कोरडी वाकळ मिळणं कठीण होतं. मल्लेश दूधगंगेवर गेला आणि आईची बोलणी खात ओल्याच वाकळा रिक्षात घालून घेऊन आला. पाण्याने त्या इतक्या जड झाल्या होत्या, की एकेक टांगायला बाप-लेक दोघं लागले.

खाली बादल्या लावल्या. अप्पा गायले, आणि असे गायले की मल्लेश वही विसरला. शेवटची ओळ संपता संपता एक खिळा उपटला, वाकळ विजेच्या बोर्डावर आली आणि फ्यूज उडाला. कॉम्प्युटर बंद झाला. दर गाण्यानंतर सेव्ह करा, हा सातवा नियम. मल्लेशची अजून सहाव्यापर्यंतच मजल गेली होती.

तो डोकं धरून बसला. अप्पांनी फळीवरचा जुना टेपरेकॉर्डर काढला. "ह्यात सेल हायत. दाब बटण."

"त्यात सगळाच आवाज येतोय, अप्पा."

"मग यीना."

अप्पा पुन्हा गायले. बादल्यांत पाणी ठिबकत होतं. मल्लव्वा दारातून वाकळांवरून बोलत होती. मध्येच थांबून अप्पांनी मठात देवाला घालावी तशी हाक घातली, "मल्लव्वा, च्या ठिव की. घसा बसाय लागला." हे सगळं नंतर कॉम्प्युटरवर कापून टाकायचं, असं मल्लेशने मनाशी ठरवलं.

ऑपरेशन नीट झालं. आवाज किती परत येतो ते तीन महिन्यांनी बघू, तोवर एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दुसरा नियम आता घरात आपोआप पाळला जात होता, आणि मल्लेशला तो सोसवत नव्हता. मल्लव्वा तर उगाचच भांडी आपटायची.

एका दुपारी तो कॅसेट शोधू लागला.

"कशाला पायजे?" मल्लव्वाने विचारलं.

"मधली बडबड काढून टाकतो. नुसतं भजन ठेवतो."

तेवढ्यात बाहेरच्या सोप्यातून टेपचं बटण दाबल्याचा आवाज आला. थोडं मागं, थोडं पुढं झालं, आणि नेमकी जागा सापडली.

"मल्लव्वा, च्या ठिव की. घसा बसाय लागला."

मल्लेशने डोकावून पाहिलं. अप्पा टेप मांडीवर घेऊन गंभीर चेहऱ्याने बसले होते.

"दोनदा झालाय सकाळपास्नं," मल्लव्वा टेपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "ठिवते की." मग आधण ठेवता ठेवता मल्लेशकडे वळली. "त्या कॅसेटला हात लावलास तर बघ. कापायचं आसंल तर भजन काप."