मागे टेकलेला हात

"एक मीटर छत्तीस. चौदा सेंटिमीटर पुढे सरक."

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी, सुपरमार्केटच्या रांगेत मागून हे मराठीत ऐकू आलं आणि मी दचकलेच. मी फोनवर आईशी बोलत होते, त्यावरून मागच्या बाईंनी, म्हणजे सुलूताईंनी, भाषा ओळखली होती. करोनाचे दिवस. दीड मीटरचा नियम सगळ्यांनाच होता, पण तो नुसत्या नजरेनं मोजणारी बाई गावात एकच. दुकानातल्या फरशीवरची एक खूण चार सेंटिमीटरनं चुकलीय, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. तो हसत हसत टेप घेऊन आला. मग मुकाट्यानं खूण हलवली.

सुलूताई निघाल्या आमच्याच शेजारच्या. साठी उलटलेली, वाढल्या विनिपेगला, तरुणपणी कॅनडाकडून लांब उडी मारलेली. नोकरीसाठी इथे आल्या आणि एकट्याच राहिल्या. इथे संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर लावायची पद्धत आहे; सुलूताईंनी त्याच्या शेजारी आपलं पदक टांगलं होतं. "तिथे बसून माणूस निवांत बघतो," म्हणाल्या.

खोटं मात्र सेंटिमीटरभरही खपायचं नाही. मी "येतेच जरा वेळात" म्हटलं की, "अंदाज नको, आकडा सांग." माझ्या नवऱ्यानं आपली उंची सहा फूट सांगितली, तर त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून मोजलं. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

हे वळण त्यांच्या आईचं. साडीवर रबरी बूट घालून ती मैदानात वाळूपाशी बसायची, फितीचं शून्याचं टोक धरून. उडी मारल्यावर लेकीचा हात मागे टेकला असेल, तर तिथूनच मोजायची. "पाय कुठवर गेले ते ठेव बाजूला. मागे काय टेकलं ते सांग."

ती आई आता विनिपेगच्या वृद्धाश्रमात होती. भेटी बंद, प्रवास बंद. आठवण गेलेली, लेक आत्ताच उडी मारून आलीय असं तिला वाटायचं. रोज दुपारी चारला सुलूताई बागेत बसून तिला स्पीकरवर फोन लावायच्या. कुंपणाअलीकडे मला सगळं ऐकू यायचं.

"किती झाली गं?"

"सहा बेचाळीस, आई."

"अजून थोडी हवी होती."

दुसऱ्या दिवशी सहा त्रेचाळीस. मग चव्वेचाळीस. उन्हाळा आला तोवर सुलूताईंनी सात मीटर ओलांडले होते.

"हात नाही ना टेकला मागे?"

"नाही, आई."

मला आधी हसू यायचं, मग डोळे भरून यायचे.

जूनमध्ये आई गेली. अंत्यसंस्कार सुलूताईंनी लॅपटॉपवर पाहिले. दुसऱ्या दिवशी मी वरणभाताचा डबा त्यांच्या पायरीवर ठेवून मागे सरकले, तोच त्या जुनी कापडी फीत घेऊन बाहेर आल्या. शून्याचं टोक माझ्याकडे टाकलं.

"धर जरा."

मी खाली बसून धरलं. फीत उलगडत त्या बागेच्या दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथे नुसत्याच उभ्या राहिल्या.

"किती आलं, सुलूताई?"

त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही. "हात टेकला होता गं मागे," त्या म्हणाल्या. "रोज तिला नाही म्हणत होते."

मला उठून त्यांना जवळ घ्यायचं होतं. दीड मीटरच्या नियमात ते चालणार नव्हतं. फीत आमच्या दोघींमध्ये ताणलेली होती. मी टोक सोडलं नाही.