माद्रिदला गरम भात

"पाचशे किलोमीटर लांब आहे माद्रिद! भात गार होणारच," शेजारच्या एर्मिंदाबाई लिस्बनच्या त्या अरुंद जिन्यात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या.

"विमानाला सव्वा तास लागतो. तेवढ्यात तुमची एक कॉफीसुद्धा संपत नाही. सरका!" आदेलिनो म्हणाला.

माद्रिदला दिलेल्या त्याच्या मुलीला, फिलोमेनाला, दिवस गेले होते आणि तिला आईचा बदकाचा भात हवा होता. आई, म्हणजे ओदेत, गेल्या हिवाळ्यात वारली. म्हणून भात आदेलिनोने केला, जन्मात पहिल्यांदा. एकदा भट्टीतून निघालेला भात पुन्हा तापवायचा नाही, हा ओदेतचा नियम. तिच्यासारखंच त्याने मातीचं भांडं आधी वर्तमानपत्रांत, मग लोकरीच्या पांघरुणात करकचून गुंडाळलं.

विमानतळावर तपासणीवाल्याने यंत्रात डोकावून विचारलं, "बदकाचा भात?"

"हो."

"वरून सॉसेजच्या चकत्या लावल्यात ना?"

"लावल्यात."

"मग पळा काका, गार होईल."

विमानात आदेलिनोने गाठोडं मांडीवर घेतलं. शेजारच्या माद्रिदच्या बाई कौतुकाने वाकल्या.

"किती दिवसांचा हो?"

"दिवसांचा कसला?" आदेलिनो भडकला. "आज सकाळचा आहे!"

"अगं बाई! आणि याची आई?"

ओदेतबद्दल विचारतायत, असं त्याला वाटलं. "ती गेली हो. गेल्या हिवाळ्यात."

बाई गोंधळल्या. पण दुःखी माणसाचा हिशोब कोण तपासतो? त्यांनी डोळे पुसले आणि गाठोड्यावर हात ठेवला.

"अहो, अंग केवढं तापलंय याचं!"

"तापलेलाच हवा."

बाई किंचाळल्या. हवाई सुंदरी धावली. मागून एक दातांचे डॉक्टर आले. आदेलिनो "उघडू नका" म्हणेपर्यंत त्यांनी पांघरूण सोडून झाकण उचललं. भसकन वाफ आली आणि मागच्या रांगेपर्यंत वास गेला.

"झाकण लावा आधी!" आदेलिनो रडवेला झाला. "पोरीला गार भात देऊ का?"

मग मात्र सगळं विमान त्याच्या बाजूने झालं. कोणी कोट दिला, कोणी शाल. शेजारच्या बाईंनी तर गाठोडं छातीशी धरून उतरेपर्यंत खाली ठेवलं नाही.

माद्रिदला उतरल्यावर त्याने विमानतळावरचं घड्याळ पाहिलं आणि तो पळत सुटला. स्पेनचं घड्याळ एक तास पुढे असतं, हे तो विसरला होता. जेवणाची वेळ टळली म्हणून तो धापा टाकत मुलीच्या दारात पोचला.

"जेवलीस?"

"बाबा, इथे तीनच्या आधी कोण जेवतं?"

"आपण जेवतो. बस."

फिलोमेनाने घास घेतला. "गरम आहे!"

"आणि?"

"मीठ नाहीये, बाबा."

आदेलिनो खाली बसला. "मीठ तुझी आई घालायची. माझ्याकडे फक्त खारट झालाय म्हणायचं काम होतं."

फिलोमेना पोट धरून हसत सुटली. तिने मीठ पुढे सरकवलं. त्याने चिमूटभर घातलं, मग आणखी थोडं, आणि चव पाहिली.

"खारट झालाय," तो म्हणाला.

"आता आईसारखा झाला," म्हणत फिलोमेनाने ताट पुढे केलं.