तपकिरी भिंतीवरचा चकाकता डाग

आमचे हे, म्हणजे विश्वजीत, स्वतःची ओळख अशी करून देतात : “तीक्ष्ण नजर, पोलादी मन, हडपसर ते खराडी पट्ट्यातला एकमेव गूढभेदक!” कपाळावरचा चष्मा घरभर शोधणं हा त्या नजरेचा रोजचा व्यायाम. मी सत्यशीला, त्यांची सहायक. पद मानद आहे. यांचा डबा मात्र मलाच भरावा लागतो.

खराडीच्या अस्मिताने हौसेने हॉलची एक भिंत गडद तपकिरी रंगवून घेतली. इतकी गडद, की काळा रंग शेजारी उभा केला तर चुलतभाऊ वाटावा. सासरे ज्ञानदेवराव कडाडले, “घर आहे की गुऱ्हाळाची चूल? मी या भिंतीचं तोंड पाहणार नाही!” शेवटी तह झाला : भिंतीवर डाग दिसला, की पुन्हा क्रीम रंग.

आणि डाग पडला. गोल, चकाकता. पुसायला जावं तर पसरायचा. रंगारी रविवारी क्रीमचा डबा घेऊन येणार होता. आम्ही शनिवारी सकाळी पोचलो.

“काका, माझी भिंत वाचवा हो,” अस्मिता रडवेली झाली होती.

यांनी भिंतीला कान लावला. “ओल! वरच्या मजल्याची गळती!”

“अहो, वर गच्ची आहे,” मी म्हटलं. “आणि मे महिना आहे.”

यांनी टेप काढली. डाग जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर. “म्हणजे गुन्हेगार बुटका आहे!”

शेजारच्या दोन वर्षांच्या भाग्यश्रीची चौकशी झाली. तिने भोकाड पसरलं. “अपराधी मन!” हे पुटपुटले.

तिची आई दारातूनच म्हणाली, “तिला अजून चड्डी घालता येत नाही. भिंतीचं काय घेऊन बसलात?” आणि दार लावलं.

मग सापळा रचला. दुपारी सगळ्यांना हॉलबाहेर काढून भिंतीवर पहारा बसवायचा. पहाऱ्याला ज्ञानदेवराव आपणहून पुढे आले. चहाच्या वेळी पाहतो तर डाग दुप्पट!

“पहाऱ्यादेखत हात मारून गेला,” हे थरारले. “साधा गुन्हेगार नव्हे!”

रविवारी रंगाऱ्याने जमिनीवर कागद अंथरले. अस्मिता बिचारी स्वयंपाकघरात जाऊन बसली. तेवढ्यात सासूबाई, मैनाताई, कात्रजच्या लेकीकडून परतल्या. पिशवीही खाली न ठेवता त्या वाकल्या, भिंतीचा वास घेतला.

“अहो,” त्या नवऱ्याकडे वळल्या, “डोक्याला तेल थापून इथे टेकून झोपता ना? लग्नापासून उशांचे अभ्रे घासतेय मी. हा डाग मला विचारा.”

ज्ञानदेवरावांनी छताकडे पाहिलं. “तोंड पाहणार नाही म्हटलं होतं. म्हणून पाठ करून बसत होतो.”

“ती टेकवून?”

“हॉलमध्ये छान अंधारून येतं गं. डोळा लागतो.”

“गुन्हेगार घरातलाच, हे मी ओळखलंच होतं,” हे म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

अस्मिता दारात येऊन उभी होती. ज्ञानदेवरावांनी घसा खाकरला. “रंग भिकारच आहे. पण सूनबाई, आमच्या खोलीत दुपारचं ऊन फार येतं हो.”

अस्मिता रंगाऱ्याकडे वळली. “दादा, क्रीम परत न्या. तपकिरी किती उरलाय?”