दर वर्षी सापडणारा मोतीबिंदू

एका जंगलात एक म्हातारं अस्वल होतं आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. या गोष्टीत सिंह नाही. सिंहाची गोष्ट हवी असेल त्यांनी आत्ताच उठून घरी जावं, मध्येच चुळबूळ करू नये.

तर अस्वलाचं नाव गेनूआबा. त्यांच्या बायकोचं नाव ठकूबाई. आबांना काही वर्षांपासून सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसायचं. मोहाची फुलं वेचायला गेले की निम्मी फुलं आणि निम्मे खडे घेऊन यायचे. मग ठकूबाई खडे निवडत बसायची, आणि हात चालू असताना तिचं तोंडही चालू असायचं.

आबांना खड्यांचं काही वाटत नसे. त्यांना वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं. ठकूबाईचा चेहरा त्यांना आठवेनासा झाला होता. आवाज ठणठणीत होता, दिवसभर कानावर यायचा, पण त्या आवाजामागचा चेहरा काही केल्या डोळ्यांसमोर येत नसे. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. ठकूबाईला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, या वयात चेहरा घेऊन काय करायचंय?

जंगलात एक आरोग्य उपकेंद्र होतं. हसू नका, खरंच होतं. उंबराच्या ढोलीत होतं आणि तिथे डॉक्टरही होत्या. शिंपीणबाई. शिंपी पक्षी तुम्ही पाहिला असेल. अंगठ्याएवढा असतो, पानाला पान शिवून घर करतो. या बाई डोळ्यांचं काम शिकून आल्या होत्या. चोच बारीक, नजर तेज आणि बोलणं कमी. कुणाचा ताप उतरवायच्या, कुणाची जखम शिवायच्या, बाळंतपणं तर कितीतरी केली.

"आबा, तुमचे डोळे मी एका सकाळीत करून देते," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "फक्त मला डोळ्यांच्या हत्यारांची पेटी मिळू दे."

पेटी कुणाकडे मागायची? तर वनआरोग्य बळकटीकरण मंडळाकडे. बळकटीकरण हा शब्द पाठ करायची गरज नाही. मंडळाचे अध्यक्ष मोरसाहेब होते, त्यांनाही तो कागद बघूनच वाचावा लागायचा.

शिंपीणबाईंनी अर्ज केला. मंडळाचं उत्तर आलं, पेटी शिबिराबरोबर येईल.

आणि मुलांनो, पेटी खरंच शिबिराबरोबर आली. मांडव पडला. 'भव्य मोफत आरोग्य तपासणी शिबिर' असा बॅनर लागला. मोरसाहेब तासभर बोलले. मग मोठ्या दवाखान्यातून आलेल्या डॉक्टर बगळ्यांनी पेटी उघडली, सगळ्यांना दाखवली, आणि आबांच्या डोळ्यांत वाकून पाहिलं.

"सापडला," ते म्हणाले.

"काय सापडलं?" ठकूबाईने विचारलं.

"मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चांगला पिकलेला आहे."

मांडवात टाळ्या पडल्या. मोरसाहेबांनी आबांच्या खांद्यावर पंख ठेवून फोटो काढून घेतला. पोपट कारकुनाने नोंद केली, मोतीबिंदूचा रुग्ण शोधला, एक. आबांना दोन केळी मिळाली आणि एक चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पुढील उपचारांसाठी सात डोंगर ओलांडून मोठ्या दवाखान्यात यावे.

"अहो, ज्याला दिसत नाही तो सात डोंगर कसा ओलांडणार?" ठकूबाई म्हणाली.

"ते तपासणीत येत नाही," पोपट म्हणाला.

"मी इथेच करते, पेटी ठेवून जा," शिंपीणबाई म्हणाल्या.

"पेटी शिबिराची आहे," डॉक्टर बगळे म्हणाले. त्यांनी ती मिटली आणि शिबिराबरोबर ती निघून गेली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडव, पुन्हा पेटी. पुन्हा आबांचा मोतीबिंदू सापडला. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या, कारण आता सगळ्यांना कुठे वाजवायच्या ते माहीत होतं.

तिसऱ्या वर्षापासून डॉक्टर बगळ्यांनी वाकून पाहणं सोडून दिलं. त्यांची मान अवघडायची. आबा समोर आले की ते विचारायचे, "मागच्या वर्षीचेच ना? लिहा." पोपट लिहायचा. फोटो, केळी, चिठ्ठी. आबांच्या घरी चिठ्ठ्यांचा एवढा गठ्ठा झाला की ठकूबाई चुलीजवळ बसताना तो बुडाखाली घ्यायला लागली.

तुम्ही म्हणाल, मंडळ वाईट होतं. अजिबात नाही. मोरसाहेबांना आबांची फार काळजी होती. शिबिराच्या आदल्या दिवशी ते मुद्दाम निरोप पाठवायचे, "आबा ठीक आहेत ना? मोतीबिंदू आहे ना?" आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. जंगलात एवढा खात्रीचा रुग्ण दुसरा नव्हता.

पाचवं शिबिर संपलं त्या दिवशी मात्र ठकूबाई पेटीवर बसली.

म्हणजे काय झालं, सामानाची आवराआवर चालली होती. पेटी सतरंजीवर होती. ठकूबाई तिथे गेली, लुगडं पसरलं, आणि बसली. डॉक्टर बगळे इकडे शोधतायत, तिकडे शोधतायत.

"बाई, तुमच्याखाली काही आहे का?"

"जमीन आहे," ठकूबाई म्हणाली.

आता तुम्हीच सांगा, अस्वलिणीला जरा उठा असं म्हणायचं तर कुणी म्हणायचं? बगळ्याने मोराकडे पाहिलं. मोराने पोपटाकडे पाहिलं. पोपट म्हणाला, पेटी गाडीत गेली असेल. मग सगळ्यांना तसंच वाटायला लागलं, आणि शिबिर निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर शिंपीणबाईंनी आबांना उंबराखाली आडवं केलं. आधी उजवा डोळा केला. मग चहा झाला. मग डावा. पट्ट्यांना कापड नव्हतं, तेव्हा मांडवात राहिलेला बॅनर धुऊन, उकळून फाडला. आबांच्या उजव्या डोळ्यावर 'भव्य' आलं आणि डाव्यावर 'मोफत'. दुपारी ठकूबाईने पेटी पुसून परत पाठवली. सतरंजीखाली सापडली असा निरोप दिला.

चार दिवसांनी पट्ट्या सुटल्या.

आबांनी आधी उंबर पाहिला. मग शिंपीणबाई पाहिल्या. "एवढ्याशाच आहात होय," ते म्हणाले. मग ते वळले, आणि ठकूबाईकडे बघतच राहिले.

"काय बघताय?" ठकूबाई म्हणाली.

"तू म्हातारी झालीस की गं."

"आणि तुम्ही काय कोवळे राहिलात?"

आबा हसले. हसता हसता त्यांच्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशा शिंपीणबाई ओरडल्या की डोळ्यांना पाणी लागू द्यायचं नाही. पण त्यांनीही तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. इतका आनंद त्या ढोलीने आधी कधी पाहिला नव्हता, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. चांगल्या जंगलात ती इथेच संपते. पण वर्ष फिरलं आणि सहावं शिबिर आलं.

मांडव पडला, नवा बॅनर लागला. सकाळपासून रुग्णांची तपासणी सुरू झाली आणि मोरसाहेबांचा पिसारा हळूहळू खाली यायला लागला. साळिंदराचा खोकला गेला होता. रानडुकराचा पाय भरून आला होता. माकडांची खरूजसुद्धा बरी झाली होती. प्रत्येक जण एकच सांगत होता, "शिंपीणबाईंनी केलं." दुपारपर्यंत पोपटाच्या वहीचं पान कोरं राहिलं.

"याचा अर्थ काय?" मोरसाहेबांनी विचारलं.

"याचा अर्थ जंगल निरोगी झालं," पोपट म्हणाला.

"अरे वा," मोरसाहेब म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "निरोगी जंगलात उपकेंद्र कशाला हवं? लिहा. रुग्ण आढळले नाहीत, सबब उपकेंद्र बंद. शिंपीणबाईंची बदली मोठ्या दवाखान्यात."

रांगेत एक ससीण उभी होती. तिचे दिवस भरले होते. ती म्हणाली, "साहेब, माझं बाळंतपण चार दिवसांवर आलंय. मी कुठे जाऊ?"

"मोठ्या दवाखान्यात," मोरसाहेब प्रेमाने म्हणाले. "सातच डोंगर आहेत. आणि तिथे तुम्हाला शिंपीणबाईच भेटतील."

ससिणीने एकदा डोंगरांकडे पाहिलं, एकदा आपल्या पोटाकडे. शिंपीणबाई कडेला उभ्या होत्या. बोलून काय बोलणार? आपण काम नीट केलं, एवढाच त्यांच्याविरुद्ध पुरावा होता.

"गेनूआबा अजून यायचे आहेत," पोपट म्हणाला. "त्यांचा मोतीबिंदू पाहू आणि मग सही करू."

आबा त्याच वेळी ठकूबाईबरोबर मांडवाच्या मागून येत होते. अंगात धुतलेला सदरा होता. डोळे दाखवायचे, साहेबांचे आभार मानायचे आणि आता पेटी इथेच ठेवा म्हणून सांगायचं, असं सगळं त्यांनी घरी घोकलं होतं. कनातीपलीकडचं बोलणं दोघांनी ऐकलं. ठकूबाईने त्यांचा हात धरून त्यांना थांबवलं.

"डोळे मिटा," ती म्हणाली.

"आत्ता कुठे उघडलेत गं."

"ससिणीचं ऐकलंत ना? मिटा म्हणते ना."

आबांनी डोळे मिटले. ठकूबाईने त्यांना हाताला धरून मांडवात आणलं. आबा खुर्चीला अडखळले. मग टेबलाला अडखळले. मग मोरसाहेबांच्या पिसाऱ्यावर पाय देऊन जरा वेळ तसेच उभे राहिले.

"आबा, तो माझा पिसारा आहे," मोरसाहेब म्हणाले.

"असेल साहेब, मला कुठे दिसतंय?"

मोरसाहेबांचा चेहरा उजळला. डॉक्टर बगळे मान न वाकवता म्हणाले, "मागच्या वर्षीचेच ना? लिहा." पोपटाने लिहिलं.

शिंपीणबाई जवळ आल्या आणि आबांच्या कानाशी बसून हळूच म्हणाल्या, "आबा, हे खोटं आहे."

"खोटं कुठे? डोळे मिटल्यावर कुणाला दिसतं?"

साळिंदराने हे पाहिलं. ते हुशार होतं. त्याला एकदम खोकल्याची उबळ आली. रानडुक्कर उठलं ते लंगडतच उठलं, फक्त गडबडीत चुकीच्या पायाने. माकडं खाजवायला लागली. त्यांना सांगावं लागलं नाही, ती एरवीही खाजवतच असतात. ससीण तेवढी खरी होती. संध्याकाळपर्यंत पोपटाची वही भरली आणि त्याला दुसरी काढावी लागली.

"एवढे रुग्ण," मोरसाहेब भारावून म्हणाले. "या जंगलाला आपली किती गरज आहे. उपकेंद्र राहू दे. शिबिराचा मांडव घालायला कुणीतरी हवंच."

मग फोटो झाला. मोरसाहेबांनी पिसारा पूर्ण फुलवला. आबांना सगळ्यात पुढे, त्यांच्या शेजारी उभं केलं होतं. आबांनी मोराविषयी आयुष्यभर ऐकलं होतं, आणि धड दिसायचं तेव्हा मोर कधी त्यांच्या नजरेस पडला नव्हता. त्यांनी डावा डोळा अगदी जरासा किलकिला केला.

"अगं," ते ठकूबाईच्या कानात म्हणाले, "माणूस कसाही असो, दिसायला मात्र देखणा आहे हो."

"मिटा," ठकूबाई म्हणाली.

शिबिर निघून गेलं. पेटीही गेली. या वेळी डॉक्टर बगळे पेटी मांडीवर घेऊन बसले होते.

चार दिवसांनी उंबराच्या ढोलीत ससिणीला पाच पिल्लं झाली. सगळी सुखरूप. शिंपीणबाई रात्र रात्र जागल्या वगैरे मी काही सांगणार नाही. पिल्लं दुपारी झाली, आणि बाई वेळेवर जेवल्यासुद्धा.

पण त्या शिबिराच्या संध्याकाळचं तेवढं सांगायचं राहिलं. आबा आणि ठकूबाई घरी निघाले. मांडवातून कुणी पाहत असेल म्हणून आबांनी डोळे मिटलेलेच ठेवले होते आणि ठकूबाईने त्यांचा हात धरला होता. वेळूच्या बेटापाशी वाट वळते. तिथून मांडव दिसत नाही.

"उघडा आता," ठकूबाई म्हणाली.

"वळण येऊ दे."

"वळण गेलं केव्हाच."

आबा मिटल्या डोळ्यांनीच चालत राहिले. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "मिटले तरी दिसतेस आता."

ठकूबाईने हात सोडला नाही. घरापर्यंत ती दगडधोंडे दाखवत आणि बोलत चालली होती.

तात्पर्य: मुलांनो, आजारी पडलात तर जरूर बरे व्हा, पण बरे झाल्याचं मंडळाला कळू देऊ नका. जंगलातला दवाखाना रुग्ण बरे करून चालत नाही, तो रुग्ण सापडत राहिल्यावर चालतो. म्हणून ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनी ते वर्षातून एक दिवस मिटून घ्यावेत. बाकीचे दिवस ते काम मंडळ करतंच.